गेणू गुळव्या आणि अमेरिकेतला अबोल नवरा

बारामतीपासून इंदापूरपर्यंत कालव्याच्या पाण्यावर जेवढा ऊस उभा राहायचा, त्यातल्या बऱ्याचशा उसाची शेवटची भेट काटेवाडीच्या गेणू गुळव्याशी व्हायची. १९३६ च्या सुमारास गेणू चाळिशीच्या अलीकडे असेल. पलीकडेही असेल. आपलं वय त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि तसं पाहिलं तर त्याने कुणाला कधी काहीच सांगितलं नव्हतं.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा राजा. चरकाला बैल जुंपणारा वेगळा, चुलवणात चिपाडं सारणारा वेगळा, काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळत्या रसावरची मळी काढणारा वेगळा. पण ‘उतरवा’ हा हुकूम फक्त गुळव्याचा. तो शब्द लवकर निघाला तर गूळ ढेपेत उभा राहत नाही, सासरी आलेल्या नव्या जावयासारखा ऐसपैस पसरतो. उशिरा निघाला तर करपतो आणि मालक गुळव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. गेणूच्या पिढ्या आजवर सुखरूप होत्या. रसाचा थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी तो बोटात धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “उतरवा.” की बस्स. सोनचाफ्याच्या रंगाची ढेप तयार.

माणसांशी बोलायला त्याला दोन शब्द पुरायचे. एक ‘हं’ आणि दुसरा ‘येतो’. पहिल्यात होकार, नकार, आनंद, ताप, पोटदुखी असं सगळं मावायचं. दुसरा शब्द तो निघताना वापरायचा. मात्र काहिलीसमोर उभा राहिला की हा गडी पार बदलून जायचा. “ये गं माझे बाय, ये. किती शानी झालीस आज. अगं, रंग तरी काय आलाय तुला!” असं तो रसाला कुजबुजत राहायचा. नवखा माणूस ऐकून लाजायचा.

अशा माणसाची बायको गप्पिष्ट निघावी, ही देवाची गंमत. चंद्राबाई निरवांगीची. माहेरी एक भाऊ सोडला तर सगळ्या बहिणीच बहिणी, आणि त्या सगळ्या एकदम बोलायच्या. त्यांच्या घरापुढून जाणाऱ्याला वाटायचं, आत लग्न आहे. तिथून ती गेणूच्या घरात आली. पहिली काही वर्षं दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलली. प्रश्न तिने विचारायचा आणि उत्तरही तिनेच द्यायचं. भांडण झालं तर दोन्ही बाजूंनी तीच भांडायची, आणि न्यायाने वागून कधीमधी हरायचीसुद्धा.

हे असंच चाललंही असतं. पण दिवाळीच्या आधी एका दिवशी ती गुऱ्हाळावर भाकरी घेऊन गेली. आदल्या दिवशी तिने जीव ओतून वांग्याचं कालवण केलं होतं, “कसं झालंय?” म्हणून विचारलं होतं, आणि तिला ‘हं’ मिळाला होता. आता ती चिपाडांच्या ढिगामागून आली तो काय, नवरा काहिलीकडे बघून विरघळत होता : “आज लई ग्वाड दिसतीयास. तुझ्यासारखी तूच.” चंद्राबाईने भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं आणि ती घरी गेली. भाऊबीजेला निरवांगीला गेली ती राहिलीच. मागून निरोप आला : “तोंडानं न्यायला या. गाडी धाडू नगा, माणूस धाडू नगा. तोंड धाडा. गुडीपाडव्यापतूर वाट बघीन. मग दादा येऊन माझी शेळी घेऊन जाईल.”

शेळी जाणार म्हणजे सगळं संपलं, हे गेणूलाही कळत होतं. तो निरवांगीला गेला. सासऱ्यांच्या, म्हणजे संभाजीतात्यांच्या, ओट्यावर बसला. जेवला. पान खाल्लं. दाराकडे बघितलं. “येतो,” म्हणाला आणि परत आला. महिन्याने पुन्हा गेला. ह्या वेळी डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. ढेप ओट्यावर ठेवली, पाणी प्याला, दाराकडे बघितलं, “येतो.” संभाजीतात्या लेकीला म्हणाले, “अगं, जावई तुला न्यायला येतंय का गुळाचा धंदा करतंय?”

गेणूचं हे असं चाललेलं असताना सोपानरावांनी गुऱ्हाळावर अमेरिका आणली.

सोपानराव काटेवाडीचेच, पण ऐन उमेदीची वर्षं सोलापुरात एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या घरी खानसामा म्हणून काढलेले. बाईंना एकटेपणा फार. बोलायला कुणी हवं म्हणून त्यांनी आपल्या खानसाम्यालाच इंग्रजी शिकवलं. संध्याकाळी त्या लोकर विणत बसायच्या आणि सोपानराव त्यांना कादंबऱ्या वाचून दाखवायचे. बाई मायदेशी परतल्या तेव्हा सोपानराव तीन वस्तू घेऊन गावी आले : बिनदुधाचा चहा पिण्याची खोड, पाव भाजायची एक जाळी, आणि बाईंच्या मुलखातल्या एका कादंबरीकाराच्या तीन जाडजूड कादंबऱ्या. त्या कादंबरीकाराचं नाव ते इतक्या आदराने, इतक्या हळू घ्यायचे, की ते कुणाला ऐकूच यायचं नाही. गाव त्याला ‘सोपानरावांचा सायब’ म्हणायचं.

गुऱ्हाळाची एक रीत असते. जो कुणी येईल त्याला रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही. आणि रस प्यायलेल्याने निदान थोडा वेळ बसून गप्पा मारल्याशिवाय उठायचं नाही. सोपानरावांना रस फार आवडायचा. त्याची परतफेड म्हणून त्यांनी कादंबरी सुरू केली. एक काहील, एक प्रकरण. रस चुलवणावर चढला की पुस्तक उघडायचं, गूळ उतरला की मिटायचं. गुऱ्हाळ दत्तोबाआबांचं, ऊसही त्यांचाच. आबांना आधी वाटलं, गडी कामं सोडून ऐकत बसतील. पण गडी उलट रोजच्यापेक्षा लवकर यायला लागले. काकवी मागायच्या निमित्ताने बायाही यायला लागल्या. त्यांच्यात पुढच्या रांगेत धोंडाबाई. साऱ्या काटेवाडीची मावशी. तोंड असं, की चरकात घातलं तर चरक मोडेल.

पहिल्या कादंबरीत एज्रा नावाचा म्हातारा होता. कोरड्या माळावर त्याने जन्मभर एकच विहीर खणली. पाणी लागेना, तो थांबेना. मुलं एकेक करून घर सोडून गेली तरी हा आपला खाली खणतोच आहे.

“त्याला पाटाचं पानी न्हवतं का?” आबांनी विचारलं.

“तिकडे कालवा नव्हता, आबा.”

“मग आर्ज करायचा! आमच्या वाडवडलांनी काय केलं?”

“आबा, विहीर हे प्रतीक आहे,” सोपानराव म्हणाले. “तो जमिनीत पाणी शोधत नाहीये. आपल्या मुलांना जे बोलायचं राहून गेलं, ते शोधतोय.”

“खाली?” धोंडाबाई म्हणाली. “पोरं तर वर हुती!”

यावर सोपानरावांनी रस मागून घेतला.

दुसऱ्या कादंबरीतली मार्था सगळ्यांना आवडली. नवऱ्याबरोबर एका टेबलावर जन्मभर जेवून, एका सकाळी ती उठते, शहरात जाते आणि पावाची भट्टी काढते. नवरा वर्षाने येतो आणि गिऱ्हाइकासारखा पाव घेऊन जातो. रोज येतो. रोज पाव घेतो. एवढंच.

“आन् तिला घरी चल म्हनत न्हाय?”

“नाही. तेच तर सौंदर्य आहे, मावशी. ह्या लेखकाचा विषयच तो. त्याची माणसं एका छपराखाली राहतात आणि एकमेकांपासून बैलगाडीने चार दिवसांच्या अंतरावर असतात. पुरुष बोलत नाहीत, बायका विचारत नाहीत, आणि घराला एक खिडकी असते. तिच्यात बाई उभी असते.”

“तिन्ही पुस्तकात?”

“तिन्ही.”

“मग तीन तीन पुस्तकं कशापाई लिवली? आमच्या गेणूचा फोटू छापला असता तरी भागलं असतं की.”

सगळे हसले. मळी काढणारा हसला, चिपाडं सारणारा हसला. गेणू काहिलीकडे बघत “हं” म्हणाला. पण त्या दिवशी रसाला त्याने एकही गोड शब्द ऐकवला नाही, हे आबांच्या लक्षात आलं.

तिसरी कादंबरी शिमग्याच्या सुमारास निघाली. आमोस नावाचा शेतकरी घोडी पाळायचा. घोड्यांच्या कानात तो तासन्‌तास कुजबुजायचा, त्यांच्या आयाळीचं कौतुक करायचा. घरात मात्र मुका. त्याची बायको क्लारा. एक दिवस ती तबेल्याच्या दाराशी येते, आमोस घोडीशी काय बोलतोय ते ऐकते, आणि बहिणीच्या गावी निघून जाते.

सगळ्यांच्या माना हळूहळू काहिलीकडे वळल्या. सोपानरावांच्या काही ध्यानात आलं नाही. वाचताना ते अमेरिकेत असायचे.

पुढच्या काहिलीला गर्दी दुप्पट. आमोस बहिणीच्या दारी जातो. बरोबर बटाट्याचं पोतं. पोतं फाटकाशी ठेवतो, खिडकीकडे बघतो, टोपी नीट करतो, माघारी फिरतो.

“अगं बया!” धोंडाबाई म्हणाली. “ढेप!”

“ढेप नाही, बटाटे,” सोपानराव म्हणाले.

“तुमी वाचा.”

आणि मग ती शेवटची काहील आली. चुलवण पेटलं, रसाला फेस आला, मळी निघाली. सोपानरावांनी चष्मा पुसला. क्लारा दूरच्या शहरी निघाली आहे. आमोसला कळतं. ह्या वेळी हातात काही न घेता तो स्टेशनकडे धावतो. फलाट, वाफ, शिट्टी. क्लारा डब्याच्या खिडकीत. आमोस पुढे होतो, टोपी काढतो, तोंड उघडतो...

सोपानराव थांबले. हे थांबणं त्यांनी डॉक्टरीणबाईंपासून उचललं होतं. लोकरीचा टाका घालायला बाई नेमक्या अशाच जागी थांबवायच्या.

चिपाडं सारणारा पुढे सरकला होता. मळी काढणाऱ्याचा झारा हवेत होता. सगळे गाफील, पण बिनघोर; कारण काहिलीवर गेणू होता. आणि गेणू सोपानरावांच्या तोंडाकडे बघत होता. बोटातली गोळी वाळून खडा झाली होती.

पहिल्यांदा आबांच्या नाकाला कळलं.

“गेण्या! आरं काहील!”

धावाधाव झाली. काठ्या घालून काहील ओढली, पण उशीर झाला होता. आत जे काही होतं ते तव्याच्या बुडासारखं काळं होऊन गुरगुरत होतं. गेणूने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

“मग?” तो सोपानरावांना म्हणाला. “बोलला का त्यो?”

गावाने गेणूचा प्रश्न असा पहिल्यांदाच ऐकला. सोपानरावांनी पान उलटलं.

“नाही. गाडी सुटली. आमोस टोपी हातात धरून उभा राहिला. धूर दिसेनासा होईपर्यंत. समाप्त.”

“समाप्त?” धोंडाबाई उठून उभी राहिली. “आसं कसं समाप्त? बाई गाडीत, बाप्या फलाटावर, आन् लिवनारा उठून जेवाया गेला?”

“मावशी, हीच तर कला. वाचकाला चटका बसला पाहिजे.”

“वाचकाला लावा की चटका!” दत्तोबाआबा ओरडले. “माझ्या गुळाला कशापाई?”

“शेवट बदला,” चिपाडं सारणारा म्हणाला.

“लेखकाने लिहिलेलं बदलायचा मला काय अधिकार?” सोपानरावांनी पुस्तक छातीशी धरलं. न जाणो, कुणी हिसकावून शेवट खोडला तर.

एवढ्यात गेणूने पागोटं सोडलं, तोंड धुतलं, पागोटं पुन्हा बांधलं आणि तो आबांसमोर उभा राहिला. “आबा, दोन दिस काहील बंद. तुमची गाडी नेतो.”

आबांचा तोडलेला ऊस शिवारात पडून होता. दोन दिवस बंद म्हणजे तो वाळणार. एरवी आबांनी आभाळ डोक्यावर घेतलं असतं. पण गेणूच्या तोंडून लागोपाठ दोन वाक्यं ऐकून ते इतके हबकले, की स्वतःच बैल जुंपायला धावले. धोंडाबाई गाडीमागे चार पावलं गेली. “जा बाबा. आन् पोतं ठिवून माघारी आलास तर ह्याच चुलवणात घालीन तुला!”

वाटेत गेणूने भाषण तयार केलं. बैलांसमोर म्हणून बघितलं. बैलांना पटलं. एका वस्तीवर मुक्काम केला, तिथल्या कुत्र्यालाही म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला गाडी निरवांगीत शिरली तेव्हा भाषण तोंडपाठ होतं. संभाजीतात्या ओट्यावर दोर वळत बसले होते.

“या पाव्हनं! आज काय आनलंय?”

“काय न्हाय.”

सासूबाई कुशाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आत दाराआड चंद्राबाई पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज बाहेर येत होता. गेणू पाणी प्याला. त्या पाण्याबरोबर अख्खं भाषण पोटात गेलं. त्याने दाराकडे बघितलं. तात्या मनात म्हणाले, आता ‘येतो’.

गेणूने घसा खाकरला.

“अमेरिकेत एक गडी हुता.”

तात्यांच्या हातातला दोर थांबला. “कुठं?”

“अमेरिकेत. घोडी पाळायचा.”

आणि गेणू सांगत गेला. स्वतःचं त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याने आमोसचं घेतलं. सांगायची रीत मात्र त्याची स्वतःची : गूळ करावा तशी. जाळ मंद, घाई नाही, वर येईल ती मळी बाजूला. घोडीच्या कानातलं कुजबुजणं आलं, तबेल्याच्या दाराशी उभी राहिलेली बायको आली. आतली चाळणी थांबली. बटाट्याचं पोतं आलं तेव्हा कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. तात्या म्हणाले, “हे कुठं तरी बघितल्यासारकं वाटतंय.” शेजारच्या बाया कुंपणाशी जमल्या. जावई बोलतोय, ही बातमी आग लागल्यासारखी पसरली होती.

“...त्यानं टोपी काढली. तोंड उगाडलं. आन् गाडी सुटली.”

चंद्राबाई दारात आली. दोन्ही हातांना पीठ.

“बोलला न्हाय मेला?”

“न्हाय.”

“फुडं?”

“फुडं न्हाय. पुस्तक सपलं. काहील करपली.”

“कुनाची काहील?”

“माझी.”

गेणूची काहील करपली हे ऐकून तात्यांनी आभाळाकडे बघितलं, ते जागेवर आहे का म्हणून.

“तुमची?” चंद्राबाई म्हणाली. “करपली? ती कशी?”

“ध्यान हितं हुतं.”

कुंपणापलीकडच्या बायांनी एकमेकींचे हात धरले. चंद्राबाईने नाकावरचं पीठ पुसायला हात नेला आणि आणखी पीठ लावून घेतलं.

“चल,” गेणू म्हणाला. “म्हंजे... चल म्हनतोय मी. तोंडानं.”

“झालं की!” तात्या आनंदाने उठले. “बोलला! अजून काय पुरान पायजे?”

“तात्या, तुमी गप ऱ्हावा,” चंद्राबाई नवऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. “आत्ता कुठं रस तापलाय.”

गेणूने पागोट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. “घरात लई गप वाटतंय,” तो म्हणाला. “मी गप असतोच. पन तुझ्यासंगं गप असनं येगळं. तू न्हाईस तर नुसताच गप.” मग म्हणाला, “कालवन ग्वाड झालं हुतं. दिवाळीआदीचं. वांग्याचं.”

“मग तवा काय जीभ भाजली हुती?”

“व्हय. लई कडत हुतं.”

पहिल्यांदा हसली ती कुशाबाई. मग कुंपण हसलं, मग तात्या. चंद्राबाई हसू दाबत आत वळली आणि आतून पेटीच्या कडीचा आवाज आला. तात्यांनी सुटकेचा असा निःश्वास टाकला, की गाडीचे बैल दचकले.

पण निरवांगीच्या बाया इतक्या सहज सोडणार नव्हत्या. ज्यांना उशिरा कळलं त्या आता धावत आल्या होत्या. कुणी चुलीवर भाकरी टाकून, कुणी म्हैस अर्धी पिळून. त्यांना सुरुवात ऐकायला मिळाली नव्हती. “पाव्हनं, पयल्यापासनं सांगा!” गेणूने मदतीसाठी दाराकडे बघितलं. आतून हुकूम आला, “सांगा की. मला गाठोडं बांधाया येळ लागतोय.” आवाजात असा तोरा होता, जणू अमेरिका तिच्या माहेरच्या शिवारात आहे.

तिकडे काटेवाडीत दत्तोबाआबांचा ऊस वाळत होता. इकडे गेणूने पुन्हा घोडी, तबेला, बटाटे घेतले. आता त्याला चांगलीच लय सापडली होती. आमोसचं चालणं तो हातांनी दाखवायला लागला, शिट्टी तोंडाने वाजवायला लागला. फलाटावर येईपर्यंत बाया ओट्याच्या कडेला टेकल्या होत्या. आमोसने टोपी काढली. तोंड उघडलं.

“मग?” एक बाई म्हणाली. “चढला का गाडीत?”

गेणू थांबला. सोपानराव इथून लांब होते, त्यांचा साहेब तर त्याहून लांब. आणि दारातून चंद्राबाईची पाठ दिसत होती, गाठोड्यावर गुडघा रोवून गाठ आवळताना.

“चढला,” गेणू म्हणाला. “धावत्या गाडीत. टोपी पडली खाली, पन चढला.”

गाठ आवळणारे हात थांबले.

“टोपी उचलायला उतरला न्हाय न्हवं?” चंद्राबाईने आतून विचारलं.

“न्हाय.”

“मग बराय,” ती म्हणाली आणि गाठोडं काखोटीला मारून बाहेर आली.